पहिला सागरप्रवास : सहकुटुंब जाणारांसाठीं

समुद्रयान हें आपल्याकडे एके काळीं कलिवर्ज्यांत मोडत असे. परदेशाहून परतणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि तें घेऊनहि त्यास पंक्तीला घ्यावयाचें कीं नाहीं यावर गांवोगांवीं वाद माजत. अशा काळांत, ७ एप्रिल १८८३ रोजीं, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्यास अमेरिकेच्या प्रवासासाठीं बोटीवर चढल्या. पति बरोबर नव्हते. सोबत होती ती परक्या बायकांची. आणि अन्नापासून वस्त्रापर्यंत प्रत्येक बाबतींत स्वतःचा निर्णय स्वतःच घ्यावयाचा होता. त्या धैर्यापुढें आपल्या आजच्या सहलींचें नांव काढणेंहि संकोचाचें वाटतें. आज बोट हें विद्येसाठीं किंवा पोटासाठीं करावयाच्या दिव्याचें साधन राहिलें नाहीं. आजोबांच्या पंचाहत्तरीनिमित्त किंवा मुलांच्या सुटींत सारें कुटुंब चार दिवस जिच्यावर राहून यावें, अशी ती एक तरंगती वसति झाली आहे. मुंबईस बॅलार्ड पिअर येथें अशा प्रवाशांसाठीं बांधलेल्या नव्या टर्मिनलचें उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्यें झालें. मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे सफरी निघतात, आणि सिंगापूर किंवा बार्सिलोना येथें विमानानें जाऊन तेथून बोट धरणारीं मराठी कुटुंबेंहि आतां थोडीं नाहींत.

अशा सफरीचा बेत ठरला कीं लगेच तयारीचा प्रश्न उभा राहतो. आगगाडीच्या प्रवासाची आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांची संवय आहे. डबा, पाणी, पांघरुणें, पत्त्यांचा जोड, सारें काहीं हात न चुकतां बाहेर काढतात. बोटीची गोष्ट निराळी आहे. एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. बोट चुकली तर सफरच चुकते. गाडींत विसरलेली वस्तु पुढच्या स्टेशनावर विकत घेतां येते. भर समुद्रांत ती दुप्पट पैसे मोजूनहि मिळेलच असें नाहीं. उलट, गाडींत बिनदिक्कत नेतां येणाऱ्या कित्येक वस्तूंना बोटीवर सक्त मनाई असते. म्हणून पहिल्यानेंच जाणाऱ्या कुटुंबांसाठीं कांहीं व्यवहारी सूचना येथें एकत्र केल्या आहेत. त्यांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, ती वाचकांनीं शेवटपर्यंत ध्यानांत ठेवावी : ही तयारी घरांतल्या एकाच व्यक्तीच्या माथीं मारावयाची नाहीं. ती व्यक्ति बहुधा कोण असते, हें सांगावयास नको.

हंगाम आणि खोल्या

जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी बांधव होड्या पाण्यांत लोटीत नाहींत, तें कांहीं उगाच नव्हे. मे महिन्यांत शाळांना सुटी असली तरी उकाडा फार, आणि महिन्याच्या उत्तरार्धांत वादळाचाहि संभव असतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावरील पहिल्या सफरीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवाळीनंतरची किंवा नाताळची सुटी त्यांत सहज बसते.

खोल्यांचे सामान्यतः तीन प्रकार असतात : आंतल्या अंगाची, खिडकी नसलेली, बाहेरच्या अंगाची, बंद खिडकीची, आणि सज्जाची. स्वस्त-महाग हा विचार प्रत्येकजण करतो, पण खोली बोटीच्या कोणत्या भागांत आहे हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. लांब फळी मध्यावर टेकवून झुलवली तर टोंकें सर्वांत अधिक वरखालीं होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचेंहि तसेंच आहे. शिवाय जितकें उंच जावें तितकें डोलणें अधिक जाणवतें. म्हणून वृद्धांसाठीं आणि ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठीं मधल्या भागांतील, खालच्या मजल्यावरील, उद्वाहनापासून फार दूर नसलेली खोली मागून घ्यावी. मोठ्या बोटींच्या दोन्ही अंगांस पाण्याखालीं माशाच्या परांसारखीं पातीं असतात. त्यांनीं डावी-उजवी डोलणी पुष्कळ कमी होते, परंतु नाळेची वरखालीं होणारी झेप त्यांनीं थांबत नाहीं.

चौघांच्या खोलींत दोन बिछाने बहुधा वरचे असतात. ते दिवसां भिंतींत वा छतांत मिटलेले असतात, आणि रात्रीं शिडी लावून त्यांवर चढावें लागतें. आजी-आजोबांस अशा खोलींत जागा देतांना खालचे बिछाने कोणाचे हें आधींच ठरवावें. सज्जा हा मोठा मोहाचा विषय आहे. पण घरांत तीन-चार वर्षांचें चपळ मूल असेल तर सज्जाची खोली मोठ्यांनीं घ्यावी, आणि त्या सज्जांत खुर्ची कठड्याला टेकवून कधींहि ठेवूं नये. दहा-बारा माणसें जाणार असतील तर सर्वांच्या खोल्या एकाच वेळीं, एकाच मजल्यावर, जवळजवळ मागाव्या व भोजनगृहांतील मेजेंहि शेजारचीं द्यावीं असें त्याच वेळीं कळवावें. ऐन वेळीं ही सोय होत नाहीं.

कागदपत्रें

देशांतल्या देशांत जाणाऱ्या सफरीस प्रत्येक प्रवाशाचें, मुलांचेंसुद्धां, छायाचित्र असलेलें मूळ ओळखपत्र लागतें. लक्षद्वीपास उतरण्यासाठीं निराळा परवाना लागतो. तो कंपनी काढते कीं आपण काढावयाचा, हें तिकिटाच्या वेळींच विचारून घ्यावें. परदेशी सफरीस पासपोर्टाची मुदत परतण्याच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी.

व्हिसाच्या बाबतींत एक बारकावा पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. सिंगापुराहून निघालेली बोट मलेशियाच्या पेनांग बंदरास जाऊन पुन्हां सिंगापुरास येते, तेव्हां आपण सिंगापुरांत दोनदां प्रवेश करतों. युरोपांतहि शेंगेन देशांच्या बंदरांतून निघून मध्येंच तुर्कस्तानासारख्या त्या मंडळाबाहेरील देशास भेट देणाऱ्या सफरी असतात. अशा वेळीं एकवार प्रवेशाचा व्हिसा अपुरा पडतो. अनेकवार प्रवेशाचाच मागावा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना विशेष लागू आहे. सुनेचें पासपोर्टावरचें नांव माहेरचें आणि तिकिटावरचें सासरचें, असा प्रकार बंदरावर उघडकीस आला तर मोठी पंचाईत होते. सर्वांचीं नांवें अक्षरशः जुळतात कीं नाहीं, हें एकानें मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें पडताळावें. सहा महिन्यांखालील बालकास बहुतेक कंपन्या घेत नाहींत, आणि चोवीस आठवडे झालेल्या गर्भवतीसहि नाकारतात. हा नियम क्रूरपणाचा नसून भर समुद्रांत प्रसूतिगृह नसतें म्हणून केलेला आहे.

पुण्याहून, नागपुराहून किंवा कोल्हापुराहून मुंबईस जाणारांनीं आदल्या दिवशींच मुक्कामास पोंचावें. बोट सुटण्यापूर्वीं बराच वेळ आधीं चढण्याचीं दारें बंद होतात, आणि घाटांत गाड्या अडकल्याची सबब समुद्रावर चालत नाहीं.

सामान

बंदरावर मोठ्या पेट्या चिठ्ठी बांधून स्वाधीन केल्या कीं त्या तपासणी होऊन खोलीच्या दाराशीं पोंचतात. मात्र त्यास कांहीं तास लागतात, कधीं संध्याकाळहि होते. म्हणून तोंपर्यंत जवळ काय असावें, हा पहिला विचार. प्रत्येकाच्या हातीं स्वतःची एक लहान पिशवी असावी. तींत ओळखपत्र, चष्मा, नित्याचीं औषधें, कर्णयंत्र, कवळीची डबी, एक शाल आणि बदलावयास एक जोड एवढें असावें. मुलांच्या पिशवींत पोहण्याचा पोशाख असावा, कारण पाण्याचा हौद दिसल्यावर पेटी येईपर्यंत वाट पाहण्याचा उपदेश त्यांना रुचत नाहीं.

१९३१ सालीं गोलमेज परिषदेस जाण्यासाठीं गांधीजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनें निघाले. बरोबरच्या मंडळींनीं विलायतच्या थंडीच्या भयानें पेट्यांवर पेट्या घेतल्या होत्या. तें ध्यानांत येतांच गांधीजींनीं त्यांची चांगलीच हजेरी घेतली, आणि अनावश्यक पेट्या एडनहून परत पाठवावयास लावल्या. आपल्या वाटेंत एडन लागणार नाहीं. म्हणून ती छाननी घरींच झालेली बरी. दोन-तीन रात्रींच्या सफरीस माणशीं एक लहान पेटी पुरे. आठवड्याच्या सफरीस मध्यम आकाराची. बोटीवरील खोली आपल्या घरांतील माजघराच्या निम्म्यानेंहि नसते. पेट्या पलंगाखालीं सरकतील अशाच घ्याव्या, नाहींतर चार दिवस त्या ओलांडीत हिंडावें लागतें.

कपडे सुती, हलके व इस्त्रीवांचून चालतील असे घ्यावे. एका रात्रीच्या औपचारिक भोजनासाठीं एक चांगला पोशाख असावा. आंतील हवा यंत्रानें गार केलेली असते, म्हणून शाल किंवा स्वेटर हवाच. डेकवर वारा फार. पदरास व निऱ्यांस टांचण्या विसरूं नयेत. नऊवारी नेसणाऱ्या आजीबाईंना जिना-शिडीवर कासोट्यामुळें उलट सोयच होते. पायांत रबरी तळव्याच्या, पाठीमागें पट्टा असलेल्या चपला घालाव्या, कारण डेक ओला असतो. दागिने घरीं ठेवावे. खोल्यांच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळें लोहचुंबकाच्या आंकड्या चार-सहा नेल्या तर टोप्या, पिशव्या, ओले पंचे टांगण्याची उत्तम सोय होते. परदेशी बोटींवर शौचकूपांत पाण्याची सोय बहुधा नसते. एक हलका प्लॅस्टिकचा तांब्या बरोबर असावा. त्या शौचकूपांची रचना हवेच्या ओढीवर चालते. त्यांत कपडा किंवा मुलांचे लंगोट टाकले तर आपल्याच नव्हे, शेजारच्या खोल्यांचीहि गैरसोय होते.

आतां मनाईच्या वस्तु. इस्त्री, विजेची किटली, शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजन यांपैकीं कांहींहि नेऊं नये. विजेच्या लांब तारेचे फलक पुष्कळ बोटींवर चालत नाहींत. समुद्रावर आगीचा बंब बाहेरून येत नाहीं; ठिणगी पडली तर ती तेथल्याच माणसांनीं विझवावयाची असते, हें या कडक नियमांचें कारण आहे. चाकू-सुऱ्याहि चालत नाहींत. आजोबांचा अडकित्ता तपासणींत अडकण्याचा संभव आहे, तेव्हां सुपारी घरींच कातरून घ्यावी. देवपूजेचा नेम असणारांनीं लहानशी तसबीर न्यावी, स्तोत्र म्हणावें, जप करावा. दिव्यावांचून मानसपूजा होते हें आपल्या शास्त्रासहि मान्य आहे.

अन्नाचा विचार

घरीं केलेले पदार्थ बोटीवर नेण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते. बाजारांतील बंद पुड्यांतील कोरडे पदार्थ थोडेबहुत चालतात. म्हणजे चकल्या, लाडू आणि लोणच्याची बरणी यांचा बेत आधींच सोडावा. बंद पुडींतलें मेतकूट किंवा भाजलेले दाणे चालतील. पण परदेशी बंदरावर उतरतांना फळें, दूध, बियाणें असलें कांहीं पिशवींत राहिलें नाहीं याची खात्री करावी, कारण कित्येक देशांत त्याबद्दल जबर दंड होतो.

मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर शाकाहारी जेवण सहज मिळतें. परदेशी बोटीवर तें आगाऊ कळवावें लागतें. कळवितांना ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरत नाहीं. अंडें चालतें कीं नाहीं, कांदा-लसूण चालतो कीं नाहीं, मासळीचा रस्सा शाकाहारांत धरूं नये, हें सारें स्पष्ट लिहावें. गोड पदार्थांतील थरथरत्या जेलीमध्यें प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलें जिलेटिन असतें, हेंहि मुलांना सांगून ठेवावें.

घरांत सोंवळें-ओंवळें पाळणारी एखादी वृद्ध आत्या किंवा आजी असेल तर तिला खरी परिस्थिति आधींच सांगावी. शेंकडों माणसांचा स्वयंपाक जेथें चालतो तेथें भांडीं निराळीं होतीं, चूल निराळी होती, अशी हमी आपण देऊं शकत नाहीं. फळें, दूध, दहीं, सुका मेवा यांवर दोन दिवस राहण्याची तिची तयारी असेल तर तिनें आनंदानें यावें. नसेल तर आग्रहाच्या भरांत तिला बोटीवर चढवून नंतर उपाशी ठेवूं नये. सफरींत एकादशी येते कीं काय हें पंचांग पाहूनच तारीख ठरविली तर अर्धा प्रश्न सुटतो.

बोट लागणें आणि औषधें

बोट लागणें हा रोग नव्हे. डोळे सांगतात कीं खोली स्थिर आहे, कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं ती हलते आहे. या दोन साक्षींच्या विसंगतींतून मळमळ उत्पन्न होते. म्हणून त्यावर पहिला उपाय म्हणजे खोलींत डोळे मिटून कण्हत न पडतां मधल्या भागांत उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहणें. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये व तुडुंबहि भरूं नये. कोरडी बिस्किटें, लाह्या, आलेपाक यांनीं बरें वाटतें. हलत्या बोटींत वाचन टाळावें. यासाठीं मिळणाऱ्या गोळ्या त्रास सुरू होण्यापूर्वीं घेतल्या तरच पुरत्या उपयोगी पडतात. त्यांनीं गुंगी येते, आणि लघवीचा अडथळा किंवा कांचबिंदु असलेल्या वृद्धांना त्यांतल्या कित्येक अपायकारक ठरतात. तेव्हां घरच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचीं औषधें सफरीच्या दिवसांपेक्षां निदान तीन-चार दिवस अधिक पुरतील इतकीं घ्यावीं, मूळ वेष्टनांत ठेवावीं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते. भर समुद्रांतून रोग्यास किनाऱ्यावर हलवावयाचें झालें तर खर्च आवांक्याबाहेर जातो. म्हणून परदेशी सफरीस असा खर्च देणारा विमा उतरविणें ही चैन नव्हे.

एका गोष्टींत मात्र आपले जुने संस्कार थेट उपयोगी पडतात. बोटीवर जुलाब-वांत्यांची सांथ पसरविणारा नोरोव्हायरस नांवाचा जंतु आहे. हातास चोळावयाच्या औषधी द्रवानें तो पुरता जात नाहीं. साबण आणि वाहतें पाणी यांनीं हात स्वच्छ धुवावे लागतात. जेवणाआधीं हातपाय धुण्याचा आजीचा आग्रह येथें अक्षरशः शास्त्रीय आहे.

सुरक्षिततेचा पाठ

१७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. कोंकणांतील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अद्याप निघते. आजच्या बोटी, त्यांवरील यंत्रें आणि जीवरक्षक साधनें यांची त्या बोटीशीं तुलना होऊं शकत नाहीं. पण गाफीलपणा मात्र सर्व काळांत सारखाच घातक असतो. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जिल्यो बेटापाशीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आदळली व ३२ माणसें दगावलीं. त्याच संध्याकाळीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांना संकटकाळीं कोठें जमावयाचें हें शिकविण्याची कवाईत तोंपर्यंत झालीच नव्हती. या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवाईत बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें बंधनकारक झालें.

तेव्हां कवाईतीचा पुकारा होतांच ‘आम्ही आतांच जेवावयास बसलों’ अशी सबब न सांगतां सर्वांनीं उठावें. भोंग्याचे सात आंखूड आणि एक लांब असे आवाज म्हणजे संकटाची सूचना, हें मुलांकडून पाठ करून घ्यावें. आपलें जमण्याचें ठिकाण कोणतें, तेथपर्यंत जिन्यानें कसें जावयाचें, लहान मुलांच्या मापाचे जीवरक्षक अंगरखे खोलींत आहेत कीं नाहींत, हें पहिल्याच दिवशीं पाहावें. संकटाच्या वेळीं उद्वाहन वापरावयाचें नसतें. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजोबांना जिन्यानें नेण्याचें काम कोणत्या दोघा तरुणांचें, हेंहि नांव घेऊन ठरवून टाकावें.

बंदरावर उतरतांना

गोव्यास बोट पणजीस लागत नाहीं, मुरगांवास लागते. कित्येक घरांचीं कुलदैवतें फोंडें महालांत आहेत. मंगेशी, म्हार्दोळ, कवळें ही देवस्थानें मुरगांवाहून रस्त्यानें तासाभराच्या किंवा त्याहून थोड्या अधिक अंतरावर आहेत, आणि दर्शनाची इच्छा होणें स्वाभाविक आहे. पण हिशेब उलटा मांडावा. बोट किती वाजतां सुटणार, त्याआधीं किती वेळ परत चढावयाचें, वाटेंत खोळंबा झाला तर हातीं काय उरतें, हें आधीं लिहावें आणि मग दर्शन, नारळ व भोजन यांना वेळ वांटून द्यावा. कंपनीनें काढलेल्या सहलीस उशीर झाला तर बोट बहुधा थांबते. स्वतंत्र मोटारीनें गेलेल्या कुटुंबासाठीं ती थांबत नाहीं. परदेशांत बोटीचें घड्याळ आणि बंदराचें घड्याळ यांत तासाचा फरक असूं शकतो. बोटीचेंच घड्याळ प्रमाण मानावें.

लक्षद्वीपास मोठी बोट किनाऱ्यास लागत नाहीं. प्रवाळांच्या कड्याबाहेर ती उभी राहते आणि प्रवाशांस लहान होड्यांतून नेतात. हलत्या होडींत पाय टाकणें वृद्धांस कठीण जातें. ज्यांना तें झेपणार नाहीं त्यांनीं बोटीवरच राहावें, आणि त्यांच्याबरोबर घरांतलें एक माणूस राहावें. तें माणूस प्रत्येक वेळीं थोरली सूनच असूं नये.

पैसा आणि फोन

बोटीवर रोख पैसे फारसे चालत नाहींत. सारा खर्च खोलीच्या खात्यावर चढतो आणि अखेरीस बिल हातीं येतें. तिकिटांत जेवण येतें, परंतु बाटलींतलीं पेयें, निराळीं उपाहारगृहें, छायाचित्रें, सहली आणि नोकरवर्गाची रोजची बक्षिसी यांपैकीं काय येतें व काय येत नाहीं हें आधीं वाचावें. मुलांच्या ओळखपत्रावर खर्चाची मर्यादा घालून घेतां येते, ती अवश्य घालावी. मद्यपानगृह व जुगाराचीं मेजें बोटीवर असतातच. घरांतल्या कर्त्या पुरुषांनीं त्याविषयींची आपली मर्यादा धक्क्यावरच ठरविली तर पुढचा संकोच टळतो. किनारा दूर गेला कीं फोन आपोआप बोटीच्या उपग्रहयंत्रणेशीं जोडला जाण्याचा संभव असतो, आणि त्याचें बिल पाहून तोंडचें पाणी पळतें. चढतांच प्रत्येकानें फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. तिकिटें व विम्याचे कागद आधींच उतरवून, छापूनहि जवळ ठेवावे.

शेवटच्या रात्रीविषयीं एक सूचना. उतरण्याच्या आदल्या रात्रीं मोठ्या पेट्या खोलीबाहेर ठेवावयास सांगतात, आणि त्या रातोरात नेल्या जातात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घालावयाचे कपडे, पायताण व औषधें बाहेर काढल्यावांचून पेटीस कुलूप लावूं नये. रात्रीच्या पोशाखांत बंदरावर उतरण्याचा प्रसंग विनोदी खरा, पण तो दुसऱ्याच्या बाबतींत.

खातेवांटप

एवढी लांबलचक यादी वाचून ‘हें सारें करावयाचें कोणीं?’ असा प्रश्न उभा राहिला असेल, तर लेखाचा हेतु सफळ झाला. एरव्हीं हा प्रश्नच विचारला जात नाहीं. सहकुटुंब प्रवासांत गृहिणी सर्वांच्या आधीं उठते, सर्वांच्या पेट्या भरते, आणि कोणाची गोळी राहिली, कोणाचा मोजा हरवला, कोण जेवलें नाहीं याचा हिशेब डोक्यांत घेऊन हिंडते. बोटीवर चूल नाहीं, भांडीं नाहींत, केर-वारा नाहीं. तरीहि हा हिशेब तिच्याच डोक्यांत राहिला तर तिची जागा तेवढी बदलली, काम नाहीं.

म्हणून निघण्यापूर्वीं पंधरा दिवस सर्वांनीं एकत्र बसून खातीं वांटून घ्यावीं. कागदपत्रें आणि व्हिसा एकानें पाहावे. वृद्धांचीं औषधें व त्यांच्या वेळा मुलानें सांभाळाव्या. अन्नाविषयींचें पत्र दुसऱ्यानें लिहावें. बंदरांचें वेळापत्रक कॉलेजांतल्या पुतण्याकडे द्यावें. लहान मुलांकडे सकाळीं वडिलांनीं आणि दुपारीं काकांनीं पाहावें. आठ वर्षांवरील प्रत्येक मुलानें आपली यादी आपल्या हातानें लिहावी, आपली पेटी आपण भरावी. मोठ्यांनीं ती एकदां तपासावी आणि मग हात आंवरता घ्यावा. एखादा सदरा कमी पडेल. पडूं द्यावा, पुढच्या खेपेस तो मुलगा विसरणार नाहीं.

मुंबईहून संध्याकाळीं निघालेली बोट दक्षिणेकडे वळली म्हणजे डाव्या हातास अलिबागचा किनारा येतो आणि अंधार पडतां पडतां खांदेरीचा दीप लुकलुकूं लागतो. शिवछत्रपतींनीं १६७९ सालीं, इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत, त्या खडकावर किल्ला बांधावयास घेतला. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे, आणि पुढें याच किनाऱ्यावर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग आहेत. तो दीप दाखवावयास सर्वांना डेकवर बोलवावें, आणि सर्वजण आले कीं नाहींत हें मोजावें. त्या वेळीं घरची गृहिणी खालीं खोलींत पेट्या लावीत बसली असेल, तर बाकीची तयारी कितीहि चोख असो, ती अपुरीच समजावी. आणि कोणीतरी खालीं जाऊन तिला वर घेऊन यावें.